वेलांटी, सातबारा आणि छापणारे यंत्र

वाचकहो, घरच्या पत्र्याच्या पेटीत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा संगणकावर छापलेला एखादा कागद असेल तर तो आज बाहेर काढा. सातबारा असो, सोसायटीच्या कर्जाचा हिशेब असो, नाहीतर नुसते वीजबिल असो. कागदाच्या दोन्ही कडांना बारीक भोके असतील, निदान ती पट्टी फाडल्याची खूण तरी असेल. आता अक्षराकडे डोळा लावून बघा. ते अखंड नाही. रांगोळीच्या ठिपक्यांसारखे ठिपके एकाशेजारी एक बसवून ते काढलेले आहे.

त्या ठिपक्यांची हकिकत आज सांगायची आहे. ही हकिकत वर्धा जिल्ह्याची कशी, असे कोणी विचारील. तर छापणाऱ्या यंत्राने लिपीपुढे नमावे की लिपीने यंत्रापुढे, हा प्रश्न या जिल्ह्यात दोन वेळा पुढे आला, आणि दोन वेळा त्याला अगदी उलट उत्तरे मिळाली. एकदा १९३५ च्या सुमारास, आणि दुसऱ्यांदा १९८८-८९ साली, सातबारा संगणकावर घालायचे ठरले तेव्हा.

पहिल्यांदा जुन्या छापखान्यात जाऊ. तिथे अक्षर म्हणजे शिशाचा खिळा. लाकडी केसमध्ये लहान लहान खण, एकेका खणात एकेक खिळा, आणि समोर उभा खिळेजुळारी. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खिळे उचलायचे आणि उलट्या अक्षरांची ओळ जुळवायची. इंग्रजीचा सारा कारभार मोठी अक्षरे, लहान अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे धरून शंभराच्या आसपास खणांत आटोपतो. देवनागरीचे तसे नाही. मूळ अक्षरे आहेत, अर्धी अक्षरे आहेत, जोडाक्षरे आहेत, रफार आहे, उकार आहेत, आणि यांच्या जोड्या आहेत. पूर्ण संचाला काही शे वेगवेगळे खिळे लागत. मुंबईकडच्या छापखान्यांत ‘डिग्री’ पद्धत होती. तीत मात्रा आणि रफार अक्षरावर वेगळे बसवायचे. ‘अखंड’ पद्धतीत मात्रेसकट अक्षराचा एकच खिळा. एकीत खिळे कमी, पण जुळणी किचकट आणि नाजूक तुकडे मोडायचे. दुसरीत जुळणी सोपी, पण केस भिंतभर. लोकमान्य टिळकांसारख्या कामाच्या माणसालाही ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या उतरवण्याच्या खटपटीत पडावे लागले, आणि ती त्यांनी दोनशेच्या आत आणली. यावरून अडचण केवढी होती ते ध्यानात येईल.

१९३५ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते गांधीजी. तिथे नागरी लिपीच्या सुधारणेसाठी एक समिती नेमली गेली आणि तिचे काम काका कालेलकरांकडे आले. कालेलकर मूळचे साताऱ्याचे, गुजरातीत नावाजलेले, आणि हिंदीच्या प्रचारात आकंठ बुडालेले. गांधीजी त्या वेळी वर्ध्याला येऊन राहिले होते; पुढे १९३६ साली ते शेगावला गेले, त्याच गावाचे १९४० मध्ये सेवाग्राम झाले. त्याच १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. देशभर हिंदी शिकवायची तर पुस्तके हवीत, पुस्तके हवीत तर छपाई स्वस्त हवी, आणि छपाई स्वस्त हवी तर खिळे कमी हवेत. हिशेब सरळ होता.

त्या हिशेबातून ‘अ’ची बाराखडी पुढे आली. ‘क’ला वेलांटी दिली की ‘कि’, मग ‘अ’ला वेलांटी देऊन ‘अि’ का लिहू नये? इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही सहा स्वतंत्र अक्षरे केसमधून उठवायची, आणि लिहायचे अिमारत, अुन्हाळा, अेकादशी. आपल्या महाराष्ट्रात सावरकरांनीही हीच बाराखडी हिरिरीने मांडली होती. किर्लोस्करांच्या मासिकांनी ती छापून दाखवली, गांधीजींच्या हिंदी प्रकाशनांतही ती दिसते. ज्यांची मते एरवी एकमेकांपासून कोसभर दूर, ती माणसे या एका गोष्टीत एकाच ओळीत उभी होती, ही मला फार गमतीची गोष्ट वाटते. शिशाच्या खिळ्यापुढे सगळ्यांचीच अडचण सारखी!

पवनारला विनोबाही लिपीचा विचार करीतच होते. त्यांनी सुधारलेली नागरी ‘लोकनागरी’ या नावाने चालवली. या सगळ्या मंडळींना पहिल्या वेलांटीची फार अडचण वाटे. ‘कि’ म्हणताना आधी ‘क’ म्हणतो आणि मग ‘इ’. पण लिहिताना वेलांटी आधी आणि ‘क’ मागून. कानाचा क्रम एक आणि हाताचा दुसरा. यंत्राला हे कसे समजावायचे? उत्तर प्रदेशात आचार्य नरेंद्र देव यांच्या समितीने ‘अ’ची बाराखडी नाकारली, पण वेलांटी उजवीकडे आणावी असे मात्र सुचवले. १९५३ साली लखनौच्या परिषदेने ते मान्यही केले, आणि काही वर्षांतच ते मागे घ्यावे लागले. लोकांच्या हाताला ते वळण बसेना. ‘अ’ची बाराखडीही हळूहळू मावळली. आज ती जुन्या पुस्तकांतच भेटते.

म्हणून या मंडळींना हसू नका बरे का. शिशाचे खिळे हेच यंत्र असेल तर त्यांचे म्हणणे चूक नव्हते. यंत्र धातूचे, ते वाकत नाही. मग वाकायचे कोणी, तर लिपीने. पुढे टंकलेखन यंत्र आले तेव्हाही तेच झाले. कळा मोजक्या, प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, आणि वेलांटीची कळ अक्षराच्या आधी दाबायची. कचेरीतल्या टंकलेखकाची बोटे या उलट्या क्रमाला इतकी सरावली की पुढे संगणक आला तरी ती सवय सुटेना.

आता दुसरा प्रसंग. १९८८-८९ साली केंद्र सरकारने जमिनीचे अभिलेख संगणकावर घालण्याची योजना सुरू केली. प्रयोगासाठी देशातल्या आठ राज्यांतला एकेक जिल्हा निवडला. आंध्रातला रंगारेड्डी, आसामातला सोनितपूर, बिहारातला सिंहभूम, गुजरातेतला गांधीनगर, मध्य प्रदेशातला मुरैना, ओरिसातला मयूरभंज, राजस्थानातला डुंगरपूर आणि महाराष्ट्रातला आपला वर्धा! खर्च सगळा केंद्राचा.

सातबारा म्हणजे काय ते खेड्यातल्या वाचकाला सांगायला नको. गाव नमुना सात हा हक्काचा: गट नंबर, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार, इतर हक्क. गाव नमुना बारा हा पिकांचा: कापूस किती, तूर किती, ज्वारी किती, पड किती. दोन्ही मिळून सातबारा. बँकेत पीककर्जाला जा, कोर्टात जा, मुलीच्या लग्नासाठी तुकडा विकायला काढा, सगळीकडे हा एक कागद पुढे ठेवावा लागतो. त्यावर नाव एका कान्यामात्रेने चुकले तरी, ‘हा माणूस तू नव्हेच,’ असे सांगायला समोरचा मोकळा. तलाठ्याच्या हस्ताक्षरात चूक झाली तर निदान तलाठ्याला विचारता येई. यंत्राने चूक केली तर विचारणार कोणाला?

आणि यंत्र तर मराठी जाणतच नव्हते. त्या काळी कचेऱ्यांतून जे छापणारे यंत्र आले, ते डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याच्या डोक्यात नऊ बारीक पिना एकाखाली एक बसवलेल्या. भारी यंत्र असेल तर चोवीस. पिन शाईच्या फितीवर आपटली की कागदावर एक ठिपका. अमेरिका-जपानच्या बाजारासाठी घडलेल्या त्या यंत्राच्या पोटात रोमन अक्षरांचे साचे कायमचे कोरलेले होते. ‘ए’ छाप म्हटले की ते ‘ए’ छापी. ‘आर्वी’ छाप म्हटले तर ते काय छापणार?

इथे त्या छोट्या आज्ञावलीचे, म्हणजे प्रोग्रामचे, काम सुरू होते. संगणक आणि प्रिंटर यांच्यामध्ये बसणारा तो एक दुभाष्या समजा. त्याची बोली कशी होती ते सांगतो, कारण तीच खरी गंमत आहे. प्रिंटरकडे एकामागून एक आकडे जातात, आणि प्रत्येक आकडा म्हणजे एक अक्षर. पण २७ हा आकडा अक्षर नव्हे. तो दवंडीवाल्याची थाप आहे. थाप पडली की गावकरी कान टवकारतात, आता येणार ती गप्प नव्हे, हुकूम. तसेच २७ आला की प्रिंटर समजतो, यापुढचे छापायचे नाही, पाळायचे आहे. जपानच्या एप्सन कंपनीने १९८० साली जो प्रिंटर काढला त्याची ही बोली पुढे इतर पुष्कळ कंपन्यांनी उचलली. २७ आणि पाठोपाठ ‘ई’ म्हणजे ठसठशीत छाप. २७, ‘सी’ आणि ७२ म्हणजे पान ७२ ओळींचे आहे असे धर. नुसता १५ म्हणजे अक्षरे दाटीने बसव, १८ म्हणजे पूर्ववत हो. डॉसच्या संगणकाबरोबर ‘मोड’ नावाचा एक लहानसा प्रोग्राम येई. प्रिंटरला ८० ऐवजी १३२ रकान्यांची ओळ आणि इंचाला ६ ऐवजी ८ ओळी सांगायच्या असतील तर त्याच्याकरवी एका ओळीत सांगता येई.

पानाच्या लांबीचा हुकूम क्षुल्लक वाटतो ना? हिशेब करून बघा. इंचाला ६ ओळी, तर १२ इंची कागदाला ७२ आणि ११ इंचीला ६६. समजा कागद लावला १२ इंची आणि प्रोग्रामात राहिले ६६. प्रत्येक पान एक इंच आधी सुरू होणार. दुसऱ्या उताऱ्याचे डोके पहिल्या कागदाच्या तळाशी, आणि सातव्या उताऱ्याचे डोके थेट सहाव्या कागदाच्या मध्यावर! मग रेघेवर कागद फाडला की एका शेतकऱ्याचे नाव वर आणि दुसऱ्याचे पीक खाली. एका कचेरीत (नाव सांगत नाही) असा अर्धा-अर्धा कागद माझ्याही हाती पडलेला आहे. तिथल्या बाबूने मोठ्या मनाने तो सेलोटेपने जोडून दिला.

पण पान आखणे त्या मानाने सोपे. अवघड होते अक्षर. त्यासाठी प्रोग्रामाने प्रिंटरच्या पोटातले रोमन साचे बाजूलाच ठेवले. प्रिंटरला तो सांगे, तू अक्षर छापू नकोस, मी सांगतो त्या जागी ठिपके दे. प्रत्येक अक्षराचे चित्र ठिपक्यांत मोडून तो उभ्या ओळींनी पाठवी. आता आपल्या अक्षराला शिरोरेघ आहे, तिच्यावर मात्रा, रफार, अनुस्वार, आणि पायाशी उकार. नऊ पिनांच्या उंचीत हे सगळे सुबक मावत नाही. मग प्रिंटरचे डोके एका ओळीसाठी दोन फेऱ्या करी. एका फेरीत वरचा भाग, कागद किंचित सरकवून दुसऱ्या फेरीत खालचा. म्हणून मराठी छपाई हळू चाले आणि यंत्राची करकर दुप्पट वेळ ऐकू येई. ओळींत अंतरही जास्त ठेवावे लागे, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडके. अंतर वाढले की पानावरच्या ओळी कमी, म्हणजे पानाचा हिशेब पुन्हा मांडा.

शिक्षकांनी यावर वर्गात एक प्रयोग जरूर करावा. फळ्यावर जिल्ह्याचे आठ तालुके लिहा: वर्धा, देवळी, सेलू, आर्वी, आष्टी, कारंजा, हिंगणघाट, समुद्रपूर. लिपीच्या बहुतेक साऱ्या खोड्या या आठ नावांत सापडतील. वर्धा आणि आर्वी यांत रफार, तो बोलताना आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. सेलूत वर मात्रा आणि खाली उकार, म्हणजे दोन्ही फेऱ्या आल्याच. देवळीत ‘ळ’, आष्टीत जोडाक्षर, कारंज्यात अनुस्वार, समुद्रपुरात दोन उकार आणि ‘द्र’. आणि हिंगणघाटात ती कालेलकर-विनोबांना छळणारी पहिली वेलांटी. जो प्रोग्राम ही आठ नावे नीट छापील, तो जिल्ह्याचा सातबारा छापील.

वेलांटीचे कोडे सुटले ते मात्र वर्ध्यात नव्हे, कानपूरला आणि पुण्याला. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांनी संगणकाला देवनागरी शिकवण्याचे काम हाती घेतले, आणि १९८३ साली दिल्लीच्या तिसऱ्या विश्व हिंदी संमेलनात तिथले देवनागरी यंत्र लोकांपुढे आले. (या संमेलनांपैकी पहिले १९७५ मध्ये नागपूरला भरले, तेही वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीच्याच पुढाकाराने. धागा असा पुन्हा आपल्याकडे येतो.) १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. तांबे तिथे आले आणि ‘जिस्ट’ नावाचे कार्ड बाजारात आले. ते संगणकात बसवले की इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्रामही पडद्यावर देवनागरी दाखवू लागत.

त्यामागची कल्पना फार साधी आहे. संगणकाच्या स्मरणात अक्षरे कानाच्या क्रमाने ठेवायची: आधी ‘ह’, मग वेलांटी. आणि पडद्यावर वा कागदावर काढताना हाताच्या क्रमाने काढायची: आधी वेलांटी, मग ‘ह’. आत एक क्रम, बाहेर दुसरा, आणि मध्ये उलटापालट करायला तो दुभाष्या. झाले! वेलांटी उजवीकडे नेण्याची गरज उरली नाही, ‘इ’ला घराबाहेर काढण्याचीही नाही. शिशाला हे कधीच जमले नसते, कारण खिळा जिथे ठेवला तिथेच छापतो. हीच रचना १९९१ साली ‘इस्की’ या नावाने भारतीय मानक झाली. तिची १९८८ ची आवृत्ती पायाला धरून जगाच्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी झाली. आज तुमच्या हातातल्या मोबाइलमध्येही ‘हिंगणघाट’ याच क्रमाने साठते.

मराठीची एक खास अडचण मात्र मागे रेंगाळली, आणि ती शिक्षकांच्या जिव्हाळ्याची आहे. ‘आचार्यांना वाढा’ आणि ‘आचाऱ्यांना वाढा’ यांत पंगत बदलते! पहिल्यात रफार, दुसऱ्यात अर्धचंद्रासारखा आडवा अर्धा ‘र’. हिंदीला हा ‘र’ लागत नाही, म्हणून हिंदीपुरते घडवलेल्या कितीतरी फॉन्टांत तो नसे. शेतकऱ्याला ‘शेतकर्‍या’ची फोड करून कसेबसे बसवावे लागे, किंवा सरळ रफार देऊन ‘शेतकर्या’ छापून मोकळे व्हावे लागे. ज्याच्यासाठी सातबारा, त्याच्याच नावाने हे व्हावे!

नंतरच्या काळात खिडक्यांचा पडदा आला, म्हणजे विंडोज, आणि ठिपक्यांच्या जागी गुळगुळीत छाप देणारे लेझर प्रिंटर आले. अक्षरे देखणी झाली, पण नवा घोळ सुरू झाला. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव अशी फॉन्टांची घराणी निघाली, आणि आतले आकडे प्रत्येकाचे निराळे. इस्कीची शिस्त बाजूला पडली, वेलांटी पुन्हा अक्षराआधी टंकावी लागली. ज्या मास्तरांनी सहामाहीची प्रश्नपत्रिका एका दुकानात टंकून घेतली आणि छापायला दुसऱ्या दुकानात नेली, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. तोच मजकूर, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा! दोष प्रश्नपत्रिकेचा नव्हे. पहिल्या दुकानातला फॉन्ट दुसऱ्यात नव्हता, इतकेच. २००० साली विंडोजमध्ये प्रा. र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला, आणि हा घोळ ओसरायला सुरुवात झाली. सुरुवात म्हणतो, कारण जुन्या फॉन्टांतले कागद अजून कितीतरी शाळांच्या संगणकांत पडून आहेत.

इकडे अभिलेखांची ती योजना वर्ध्यासारख्या आठ जिल्ह्यांवरून देशभर पसरली आणि २००८ मध्ये मोठ्या राष्ट्रीय कार्यक्रमात मिळून गेली. २०१७ साली महाराष्ट्रात गावोगाव चावडी वाचन झाले. संगणकातला सातबारा मोठ्याने वाचायचा आणि गावाने ऐकून चूक सांगायची. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. यंत्राने काय छापले ते अखेर चावडीवर माणसाच्या तोंडून वाचून घ्यावे लागले, हे मला बरे वाटले. चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला इस्की ठाऊक नसेल, पण आपल्या बापाच्या नावातला ‘ळ’ कुठे गेला ते तो बरोबर सांगतो.

तेव्हा पेटीतला तो जुना कागद पुन्हा पेटीत घालण्यापूर्वी शाळेतल्या मुलाकडून भिंग मागवून घ्या आणि गावाचे नाव बघा. शिरोरेघेच्या जरा खाली, अक्षराच्या पोटातून एक बारीक आडवी फट गेलेली दिसते का? तिथे यंत्राची एक फेरी संपली आणि दुसरी सुरू झाली.